घाट, पाणी आणि तापलेले इंजिन

खोपोली हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फूट उंचीवर वसलेले आहे आणि त्याच्या माथ्यावरचे खंडाळे सुमारे १८०० फुटांवर. या दोहोंमधला चढ, म्हणजेच बोरघाट, मुंबई इलाख्याच्या दळणवळणाला ज्याने पिढ्यान्‌पिढ्या वेठीस धरले असा भूभाग होय. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, या घाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला, १८६३ साली आगगाडी त्याच डोंगराच्या अंगावरून वर चढली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मोटारगाडी त्या चढाला भिडली, तेव्हा बैलगाडीच्या काळात ज्याची कोणाला कल्पनाही नव्हती असा एक नवाच पेच उभा राहिला. वाहन रुतत नव्हते, मोडत नव्हते, थकतही नव्हते. ते तापत होते. या तापण्याचे कारण हुडकण्याची जी विद्या घाटांच्या पायथ्याशी आणि माथ्याशी असलेल्या गॅरेजांतून आकारास आली, तिची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही, कारण ती बाळगणाऱ्या मिस्त्रीलोकांपैकी बहुतेकांचा कागदाशी संबंध बिल लिहिण्यापुरताच होता. परंतु तिचा मागोवा घेऊ जाता एक गोष्ट ध्यानात येते: तिचे जुने नियम मुळात खोटे नव्हते, ते ज्या यंत्रासाठी घडले त्या यंत्रापुरते अगदी खरे होते, आणि यंत्र बदलल्यावर नियम तेवढा मागे राहिला म्हणजे तोच अपायाला कारण होत असे.

प्रथम तापण्याचे मूळ पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या उपयोगी पडतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला हिस्सा सिलिंडरांच्या भोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. सपाटीवर, मध्यम वेगाने जाताना, समोरून येणारा वारा हे पाणी निवविण्यास पुरेसा होतो. घाटात मात्र गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्याच गिअरमध्ये, माणसाच्या धावण्याइतक्या वेगाने रांगत असते, इंजिन पूर्ण भाराखाली असते, आणि वारा जवळजवळ नसतोच. घाटात पाणी उकळते ते उंचीमुळे, असा एक समज पूर्वी सुशिक्षित प्रवाशांत रूढ होता. त्यात तथ्य फार थोडे आहे. दर हजार फुटांस पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. त्या हिशेबाने खंडाळ्यास तो दोन अंशांनीही उतरत नाही आणि महाबळेश्वरासही चार-पाच अंशांपलीकडे जात नाही. दोष हवेच्या विरळतेचा नव्हता, चढाचा आणि मंद गतीचा होता.

पाणी निवविण्याचे साधनही आरंभी तोकडेच होते. जर्मनीतील डाइमलर कारखान्यात विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने १९०० च्या सुमारास ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा, ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर तयार केला आणि तेव्हापासून मोटारीला तिचा ओळखीचा चेहरा मिळाला; पण त्या रेडिएटरमधून पाणी फिरवावे कसे याबद्दल दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. फोर्डच्या टी मॉडेलच्या बहुतेक गाड्यांत पाण्याला पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, निवलेले जड होऊन खाली उतरे, आणि या नैसर्गिक अभिसरणावर सारे काम भागविले जाई. अशा रचनेत पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की अभिसरणच खंडित होते. म्हणून त्या काळच्या चालकाला गाडीविषयी पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, प्रश्न पडे तो म्हणजे पाणी आहे की नाही. उष्णतामान दाखविणारा काटा पुढ्यात नसे. १९१० नंतरच्या दशकात रेडिएटरच्या झाकणावर बसविण्याचा, बॉइस मोटोमीटर या नावाने जगभर गेलेला तापमापक निघाला, तोही चालकाला आपल्या आसनावरून, काचेपलीकडे डोळे ताणून वाचावा लागे. ज्यांच्या गाडीला तो नव्हता त्यांना झाकणाच्या फटीतून निघणारी वाफ हाच तापमापक.

मुंबईजवळ शिवडी येथे १९२८ साली जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू झाला, पुढे १९४४ साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या आरंभीच्या एस.टी.च्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. दहा जातींची इंजिने, दहा तऱ्हांचे रेडिएटर आणि त्या सर्वांना चढावयाचे घाट मात्र तेच: कात्रज, खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, आंबा, कसारा. कोणत्याही शाळेने शिकविले नसते इतके शिक्षण या विसंगतीने कारागिरांना दिले असले पाहिजे, कारण एका जातीच्या गाडीत लागू पडलेला इलाज दुसरीत लागू पडेलच याची शाश्वती नव्हती.

घाटातल्या रिवाजांचा उगमही येथेच आहे. ट्रकच्या किंवा मोटारीच्या पुढच्या अंगाला पाण्याची कॅनव्हासची पिशवी टांगलेली असे. क्लीनरजवळ पत्र्याचा डबा असे. आणि कोणत्या वळणावर झरा आहे, कोणत्या टाकीला उन्हाळ्यातही पाणी असते, हे मुखोद्गत असणे ही त्याच्या नोकरीची खरी पात्रता मानली जाई. बोरघाटातील शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी थांबविण्याची चाल आजही जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांना परिचित आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी लोककथा आहे. तिची ऐतिहासिक शहानिशा हा येथील विषय नव्हे. परंतु चढाच्या मध्यावर येणाऱ्या त्या मुक्कामाने, श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी, इंजिनालाही उसंत मिळत असे, हे नाकारण्याचे कारण नाही.

थांबल्यावर काय करावे, याचे नियम ठरलेले होते. इंजिन एकदम बंद करू नये, कारण पंप थांबला म्हणजे साठलेली उष्णता माथ्यातच कोंडते आणि पाणी अधिकच उसळते. ते मंद चालू ठेवावे, बॉनेट उघडावे, झाकण सोडावे, आणि पाणी घालावयाचे ते इंजिन चालू असताना, धार बारीक ठेवून. तापलेल्या बिडाच्या ठोकळ्यावर गार पाणी भसकन ओतले म्हणजे तो तडकतो, हे ज्ञान पुष्कळ तडकलेल्या ठोकळ्यांच्या किमतीत विकत घेतलेले आहे. रेडिएटर गळत असेल तर त्यात मूठभर हळद टाकीत; ती फुगून बारीक भोकात अडके आणि गाडी मुक्कामापर्यंत जाई. हा इलाज उपहासाचा विषय होऊ नये. तो तात्पुरता होता आणि तात्पुरता म्हणूनच केला जात असे. तीच हळद पुढे बारीक नळ्यांत साचून राहिली तर त्याचा दोष हळदीला नव्हे, मुक्कामी पोचल्यावर रेडिएटर धुऊन न घेणाऱ्या मालकाला.

कित्येकदा गाडी घाटात बंद पडे ती मुळी तापलेल्या पाण्यामुळे नसेच. पेट्रोलच्या गाड्यांत इंजिनाच्या लगत बसविलेला पेट्रोल पंप तापून नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि कार्ब्युरेटरला इंधन मिळेनासे होई. पंपावर ओले फडके टाकून काही वेळ थांबले की गाडी पुन्हा सुरू होत असे, आणि फियाट-अँबॅसिडरच्या काळात ही गोष्ट घराघरांतून ठाऊक होती. पण पाणी उकळून थांबलेली गाडी आणि पेट्रोलची वाफ होऊन थांबलेली गाडी यांतला भेद ओळखणे ही निदानविद्येची पहिली पायरी ठरली. रोगाची जागा वेगळी असू शकते, ही जाणीव कारागिरांना बहुधा येथेच प्रथम झाली.

दुसरी पायरी पाण्याने शिकविली. सह्याद्रीच्या माथ्यावरचे झऱ्याचे पाणी पावसाचे, त्यामुळे बरेचसे मृदू असते. देशावरच्या काळ्या कातळातील विहिरींचे पाणी तसे नसते. त्यात विरघळलेले चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर वेगळे होऊन धातूच्या अंगाला चिकटतात, आणि त्यांचा थर उष्णतेचा मोठा अडसर असतो. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरवेलची संख्या वाढत गेली आणि अधिक खोलीवरचे, पुष्कळदा अधिक जड पाणी रेडिएटरमध्ये पडू लागले. असा रेडिएटर बाहेरून धडधाकट दिसतो, काठोकाठ भरलेला असतो, तरीही चढावर गाडी तापते. पाणी आहे की नाही, हा जुना प्रश्न येथे निरुपयोगी ठरला. पाणी आहे, पण ते फिरते आहे काय, असा नवा प्रश्न विचारावा लागला. गाडी चालवून उभी केल्यावर, पंखा थांबल्याची खात्री करून, रेडिएटरच्या जाळीवर सावधपणे तळहात फिरविला म्हणजे जेथे जाळी गार लागते तेथील नळ्या बंद आहेत असे समजावे, ही कसोटी त्या प्रश्नाचे उत्तर होती, आणि ती आजही कोणत्याही उपकरणाइतकी विश्वसनीय आहे. मग रेडिएटरवाला वरची टाकी डाख उकलून काढी, नळ्यांतून पातळ पट्टी घालून साका खरवडी आणि पुन्हा डाख लावून देई. तांब्या-पितळेच्या रेडिएटरबरोबर हा धंदाही ओसरत गेला, कारण ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी यांना डाख लागत नाही.

आता जुने नियम उलटले कसे ते पाहू. पहिला उलटला तो झाकण सोडण्याचा. पूर्वीच्या रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण होते. पुढे त्यात स्प्रिंग आणि झडप आली, व आतले पाणी दाबाखाली ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दर चौरस इंचास १५ पौंडांचा दाब असला म्हणजे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, हा त्यातला लाभ. पण झाकण सोडताक्षणी तो दाब नाहीसा होतो आणि शंभर अंशांपलीकडचे पाणी एका निमिषात वाफ होऊन उसळते. उघड्या रेडिएटरच्या काळात निरुपद्रवी असलेल्या सवयीने पुढच्या पिढीतील किती हात आणि चेहरे भाजले असतील त्याची गणती नाही. शिवाय झाकणाचे रबर कुजले किंवा स्प्रिंग ढिली झाली तर दाबच राहत नाही, पाणी लवकर उकळते, बाहेर पडते, आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च होऊन गेल्यावर मूळ दोष एका क्षुल्लक झाकणात सापडतो. सर्वांत स्वस्त वस्तू प्रथम तपासावी, हा शिरस्ता चांगल्या गॅरेजांत पडला तो यावरूनच.

दुसरा नियम अधिक मनोरंजक आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देता आतल्या आतच फिरवावे, आणि ते पुरेसे तापले, म्हणजे साधारण ८० अंशांच्या आसपास गेले, की वाट मोकळी करावी, यासाठी थर्मोस्टॅट नावाची झडप असते. मेणाच्या प्रसरणावर चालणारी तिची विश्वसनीय जात १९३० नंतरच्या दशकात सर्जियस व्हेर्ने या संशोधकाने सिद्ध केली. क्षाराने किंवा गंजाने ही झडप मिटलेलीच राहिली तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचत नाही आणि इंजिन काही मैलांतच उकळते. आपल्याकडे अशा प्रसंगांचा कंटाळा येऊन कारागिरांनी झडप काढूनच टाकण्याची वहिवाट पाडली; हे थंड मुलखाचे साधन, आपल्या उष्ण देशात त्याचे काम काय, असा त्यामागचा युक्तिवाद. साध्या रचनेच्या पेट्रोल इंजिनात या युक्तिवादाने फारसे बिघडत नसे. इंजिन थंडीत उशिरा तापे, पेट्रोल थोडे अधिक लागे, ऑइल लवकर घाण होई; पण घाटात गाडी उकळत नसे, आणि मालकाला तेवढेच हवे होते.

मग मॅटॅडोर आली. पुण्याच्या बजाज टेम्पो या कंपनीने १९५८ साली जर्मनीतील विडाल अँड सोन यांच्या सहकार्याने तीनचाकी हॅन्सिआटपासून आरंभ केला होता. तिचीच मॅटॅडोर ही बंदिस्त, चौकोनी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढे महाराष्ट्रातील शाळकरी मुले, लग्नाची वऱ्हाडे, भाजीपाला, दुधाचे कॅन आणि शिर्डी-पंढरपूरचे भाविक यांची वाहक झाली. तिचे इंजिन चालकाच्या आणि शेजारच्या माणसाच्या मध्ये, झाकणाखाली बसविलेले. त्यामुळे ते तापू लागले की काट्याआधी चालकाच्या पोटरीला कळे, असे म्हणत. या गाडीत पुढील काळात डाइमलर-बेंझच्या परवान्याने बनलेले ओएम ६१६ जातीचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसू लागले. ते चिवट इंजिन होते, आजही त्याची कीर्ती आहे. पण त्यातील थर्मोस्टॅट दुहेरी कामाचा असतो. तो उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच हालचालीने, त्याच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या तबकडीने, आतल्या आत फिरण्याची आडवाट बंद करतो. हा थर्मोस्टॅट काढून टाकला तर आडवाट कायमची उघडी राहते, तापलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो, आणि भाराखाली, म्हणजे नेमके घाटातच, इंजिन अधिक तापते.

म्हणजे पूर्वी जो उपाय होता तोच आता रोगाचे कारण झाला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढावयाचा. तरी तापते म्हणून रेडिएटर धुवावयाचा. तरी तापते म्हणून नवा रेडिएटर, मग वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, मग पंखा, आणि शेवटी हेड उतरवून गॅस्केट, असा खर्चाचा जिना मालक चढत जाई आणि मूळ दोष, म्हणजे काढून फेकलेली एक लहानशी झडप, कोणाच्या ध्यानीमनी नसे. मला येथे मिस्त्रीलोकांना दोष देण्यात न्याय दिसत नाही. कारखान्याची पुस्तके इंग्रजीत होती आणि ती बहुधा अधिकृत विक्रेत्याच्या कपाटातून बाहेर पडत नसत. गल्लीतल्या गॅरेजमध्ये ज्ञान पोचे ते उस्तादाच्या तोंडून, आणि उस्ताद शिकलेला असे तो फियाटवर.

तथापि याच गॅरेजांतून अशीही माणसे निघाली की ज्यांनी जुना नियम सोडून दिला आणि त्याच्या जागी चौकशी आणली. बॉनेटला हात लावण्यापूर्वी ते विचारीत: गाडी तापते कधी? या एका प्रश्नात निम्मे निदान असते. शहरात, गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर वाऱ्याचा दोष: फॅन बेल्ट सैल आहे, पंख्याची पाती चुकीची आहेत, किंवा रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसले आहेत. उभी असताना ठीक, पण चढावर किंवा वेगात तापते, तर पाण्याच्या फिरण्याचा दोष: नळ्या साक्याने चोंदल्या, वॉटर बॉडीचा पंखा झिजला किंवा दांड्यावर सैल झाला, नाही तर खालचा होज पाइप आतली स्प्रिंग गेल्यामुळे ओढीने चपटा होतो. हा शेवटचा दोष मोठा फसवा. गाडी उभी असताना पाइप गोल दिसतो आणि इंजिनाचा वेग वाढविल्यावरच त्याचे पोट आत जाते. वरचा पाइप कढत आणि खालचा गार असेल तर वाट कोठे तरी अडली आहे. दाब धरणारे झाकण तपासलेले असून पाणी कमी होते आणि गळती दिसत नाही, तर ते इंजिनाच्या आत जाते आहे.

या शेवटच्या शक्यतेचीच सर्वांना धास्ती असे. हेड आणि ठोकळा यांच्यामधले गॅस्केट फुटले म्हणजे जळत्या वायूचा दाब पाण्यात शिरतो. गार इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केले तर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, सकाळी पांढरा धूर निघतो, किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसते. हेड उतरविले की ते प्रथम सरळ पट्टीवर तपासावे, वाकले असेल तर लेथवाल्याकडून फेस करून घ्यावे, आणि बोल्ट आवळताना मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या जोराने आवळावे, हा विधी ज्यांनी पाळला नाही त्यांच्याकडे तीच गाडी काही महिन्यांत परत येई. पण खरा विचक्षण मिस्त्री तेवढ्यावर थांबत नसे. गॅस्केट का फुटले, हे तो विचारी. कारण गॅस्केट फुटणे हे बहुतेक वेळा आधीच्या तापण्याचे फळ असते, मूळ नसते. मूळ दोष मिस्त्रीच्या कक्षेबाहेरही असू शकतो: उशिरा पेटणारे इंधन, घासत राहिलेले ब्रेक, घसरणारा क्लच, किंवा १५ माणसांच्या गाडीत कोंबलेली २५ माणसे. या अखेरच्या कारणावर कोणत्याही गॅरेजात इलाज नव्हता.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, इंजिनांना विजेचे पंखे, बंदिस्त दाबाची रचना आणि रंगीत कूलंट आले, आणि घाटात वाफ सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग दिसेनाशी झाली. त्याबरोबर पाण्याविषयीचा तिसरा नियमही कालबाह्य झाला आहे: ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या इंजिनात झऱ्याचे किंवा नळाचे पाणी वारंवार ओतले तर गंजरोधक द्रव्य पातळ होत जाऊन धातू आतून खाल्ला जातो, म्हणून अडचणीच्या वेळी ते ओतावे लागले तर पोचल्यावर काढून योग्य मिश्रण भरावे. जुन्या मॅटॅडोर मात्र अजून सर्वस्वी नाहीशा झालेल्या नाहीत. काही हौशी लोक त्या विकत घेऊन डागडुजी करून रस्त्यावर आणीत आहेत. अशी ओएम ६१६ ची गाडी ज्याने घेतली असेल, आणि ती घाटात तापत असेल, त्याने रेडिएटरवर पैसे खर्च करण्याआधी थर्मोस्टॅटचे घर उघडून पाहावे. ते रिकामे निघाले तर त्या इंजिनासाठी असलेला दुहेरी तबकडीचा थर्मोस्टॅट आणून, गरम पाण्याच्या भांड्यात तो उघडतो याची खात्री करून बसवावा, झाकण नवे घालावे, आणि त्यानंतरच पुढची तपासणी करावी.